रजत गुप्ता : आतल्या गोटातला माणूस

नव्वदच्या दशकात आयआयटीतून अमेरिकेला निघालेल्या मुलांपुढे ज्या थोड्या नावांचा आदर्श ठेवला जाई, त्यांत रजत गुप्ता हे नाव असे. जन्म १९४८चा, कोलकात्याचा. वडील पत्रकार आणि स्वातंत्र्यसैनिक. विशीच्या आतच आईवडील दोघांचंही छत्र हरपलं. दिल्लीच्या आयआयटीतून हार्वर्ड आणि तिथून १९७३ मध्ये मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी. १९९४ मध्ये ते या कंपनीचे जागतिक प्रमुख झाले. अमेरिकेबाहेर जन्मलेला माणूस त्या खुर्चीत प्रथमच बसत होता.

मॅकिन्झीचा धंदाच मुळी ताकास तूर लागू न देण्याचा. गिऱ्हाईक कंपनीची आतली माहिती जपायची, हीच तिथली पुंजी. गुप्तांनी ती तीस वर्षं सांभाळली. म्हणून पुढचं सगळं जास्तच अनाकलनीय वाटतं.

२००३ मध्ये प्रमुखपद सुटलं. हैदराबादचं इंडियन स्कूल ऑफ बिझनेस उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सार्वजनिक आरोग्याची कामंही सुरू होती. गोल्डमन सॅक्स आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या संचालक मंडळांवर ते होते. पैशाला तोटा नव्हता. पण आता ऊठबस होती ती गॅलिऑन या हेज फंडाचे मालक राज राजरत्नम यांच्यासारख्या अब्जाधीशांत, आणि त्या पंगतीत सल्लागाराची कमाई किरकोळच.

२३ सप्टेंबर २००८. लेहमन ब्रदर्स ही बँक बुडून जेमतेम आठवडा झालेला. वॉरेन बफे गोल्डमनमध्ये पाच अब्ज डॉलर गुंतवणार, यावर मंडळाने फोनवरच शिक्कामोर्तब केलं. बैठक आटोपताच गुप्तांचा फोन राजरत्नमना गेला आणि बाजार बंद होण्याआधी गॅलिऑनने गोल्डमनचे शेअर उचलले. महिनाभराने गोल्डमनला तोटा होणार हे मंडळात कळलं. या खेपेला बैठक आणि फोन यांत अंतर होतं २३ सेकंदांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी राजरत्नमनी शेअर विकले.

या दोन फोनांचं ध्वनिमुद्रण नव्हतं. गुप्तांवर आतली माहिती फोडल्याचा खटला उभा राहिला तो कॉलच्या नोंदी, शेअरच्या उलाढाली आणि परिस्थितिजन्य पुराव्यावर. सरकारी वकील होते प्रीत भरारा. आधी राजरत्नम यांच्यावरच्या खटल्यात आणि मग इथेही साक्ष देणारे अनिल कुमार हे मॅकिन्झीतले गुप्तांचे जुने सहकारी. जून २०१२ मध्ये ज्यूरीने चार आरोपांत दोषी ठरवलं, दोनांतून सोडलं. त्या फोनांतून गुप्तांच्या खिशात थेट काही पडलं, हे सिद्ध झालं नाही. बचावाचा भर यावरच होता. मला तो लंगडा वाटतो: मोठ्या वर्तुळात जागा मिळवण्याची किंमत नेहमी रोकडीतच मोजतात असं नाही.

बिल गेट्स, कोफी अन्नान यांच्यासह शेकडो लोकांनी न्यायाधीश जेड रॅकॉफ यांना शिक्षा सौम्य व्हावी म्हणून पत्रं लिहिली. दोन वर्षं कैद आणि ५० लाख डॉलर दंड झाला. २०१६ मध्ये शिक्षा संपली. २०१९ मध्ये आलेल्या आत्मकथनात गुप्ता स्वतःला निर्दोषच म्हणतात, आणि खटल्यात साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिलो नाही याची खंत व्यक्त करतात.