रिमोटच्या गाडीला मोटर कोणती?

रिमोटवर चालणारी गाडी घरी बांधायची म्हटली, की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘सगळ्यात वेगवान मोटर कोणती?’ मी उलट विचारतो, गाडी पळवणार कुठे आणि कोणत्या महिन्यात? चंद्रपूर-गडचिरोलीत हे आधी ठरवावं लागतं.

ब्रशची मोटर स्वस्त. तिच्यात कार्बनचे तुकडे फिरत्या भागाला घासत वीज पोचवतात. ते झिजतातच, आणि कोळशाची किंवा मुरमाची धूळ आत गेली तर लवकर झिजतात. ब्रशलेसमध्ये हे घासणंच नाही, पण तिचा स्पीड कंट्रोलर वेगळा घ्यावा लागतो. नवशिक्याने खुशाल ब्रशवाली घ्यावी.

ब्रशलेसवर ‘केव्ही’ असा आकडा असतो. तो किलोव्होल्ट नव्हे! भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे, एवढाच त्याचा अर्थ. 3000 केव्हीला 7.4 व्होल्टची बॅटरी लावली, तर सुमारे 22 हजार फेरे. मात्र बॅटरी आणि दातेरी चाकं तीच ठेवून केव्ही वाढवला, तर मोटर करंट जास्त ओढते. तांब्याची तार तापते, तापली की तिचा रोध वाढतो आणि ती आणखी तापते. साध्या निओडिमियम चुंबकाची ताकद 80 अंशांपुढे कायमची घटू शकते. मे महिन्यात आपल्याकडे हवाच 45 अंशांवर. मग उरलं किती?

धान कापल्यावरच्या बांधीत, ढेकळांतून गाडी न्यायची तर केव्ही कमी आणि मोटरीवरचं दातेरी चाक लहान घ्या. वेग थोडा जाईल, जोर मिळेल. पाच मिनिटं पळवून मोटरीला बोट लावून पाहा. टेकवून ठेवता येत नसेल, तर आणखी एक-दोन दाते कमी करा.