नांदूर मध्यमेश्वरचा झाकोळलेला ऑक्टोबर

नांदूर मध्यमेश्वरला जायचे ते थंडीत, असा पक्षिप्रेमींचा रिवाज आहे. डिसेंबर-जानेवारीत चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यांवर गर्दी असते. परतीच्या पावसाने झाकोळलेल्या ऑक्टोबरात तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. निफाड तालुक्यातला हा जलाशय कसा चालतो, हे मात्र याच दिवसांत कळते.

हे पाणी मुळात पक्ष्यांसाठी अडवलेले नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बंधारा झाला तो सिंचनासाठी. गोदावरीचे डावा आणि उजवा हे दोन्ही कालवे इथूनच निघतात. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांना चारा व आडोसा मिळाला. १९८६ मध्ये अभयारण्य झाले. पुढे १,४३७ हेक्टर क्षेत्र पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले आणि महाराष्ट्राला पहिले रामसर स्थळ मिळाले. पण उथळ पाण्याचे गणित नाजूक असते. वर दारणा-गंगापूरच्या पाणलोटात जोराचा पाऊस झाला की विसर्ग वाढतो, इथले दरवाजे उघडतात आणि पाणी जायकवाडीकडे धावते. पातळी थोडी जरी चढली, तरी चिखलात चोच खुपसणाऱ्या तुतवार आणि पाणटिवळ्यांची जागाच बुडते. मग त्यांना शोधायचे ते शेतांच्या कडेला, साचलेल्या डबक्यांवर. जानेवारीतल्या संथ पाण्याकडे पाहून ही हालचाल लक्षातही येत नाही.

ऑक्टोबरात पक्षी कमी दिसतात, हा आक्षेप खरा आहे. पट्टकदंब हंसांचे थवे तेव्हा नसतात, बदकांची दाटीही नसते. पण स्थलांतर करणारे कितीतरी पक्षी रात्री, मोकळ्या आभाळात, अनुकूल वाऱ्यावर उडतात. पाऊस आणि खाली आलेले ढग त्यांना थांबवतात. स्वच्छ हवेत वरून निघून गेला असता, असा पक्षी अशा दिवशी पाण्यावर उतरलेला सापडू शकतो. अंधूक उजेडात ओळख पटत नाही, हा दुसरा आक्षेप मला तितका पटत नाही. विणीनंतर नर बदकांची झळाळती पिसे गळतात आणि मादीसारखा मळकट पेहराव चढतो. ऑक्टोबरात उतरणाऱ्या पुष्कळ नरांवर तो अजून असतो. म्हणजे ऊन असले तरी रंगाची फारशी मदत नाही. तलवार बदक ओळखायचे ते लांब, सडपातळ मानेवरून, तर थापट्या बदक चोचीच्या रुंदीवरून. आकार आणि उडण्याची ढब पाहण्याची ही सवय जन्मभर पुरते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नोंदींचा प्रश्न. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून होते, ती जानेवारीत. मुक्कामाला स्थिरावलेल्या पक्ष्यांची संख्या तिच्यातून कळते. ते कधी आले, चढलेल्या पाण्याने किती जण पुढे गेले, हे तिच्यातून कळणे शक्य नाही. हौशी निरीक्षकही चांगली हवा पाहूनच निघाले, तर ही पोकळी तशीच राहते. दोन तास पावसात उभे राहून वारकरी आणि जांभळ्या पाणकोंबड्यांपलीकडे काही दिसले नाही, तर तीही नोंद मोलाचीच.

एक आक्षेप माणसांचा आहे, आणि तो सर्वांत जड आहे. छाटणी झालेल्या द्राक्षबागेवर पाऊस कोसळला की निफाडच्या शेतकऱ्याला डाऊनी रोगाच्या धास्तीने फवारणीमागून फवारणी करावी लागते. अशा पावसाचे कौतुक कुठल्या तोंडाने करायचे? कौतुक करूच नये. निरीक्षकाने बांधावरून वाट तुडवताना त्या बागेच्या मालकाला विचारावे, गाडी शेतरस्त्यात आडवी लावू नये, आणि पक्ष्यांच्या यादीशेजारी त्या दिवशीचा बंधाऱ्यातून सुटलेला विसर्गही लिहून ठेवावा. विसर्गाचे आकडे पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतच असतात. अशा काही वर्षांच्या नोंदी जमल्या, तर दरवाजे कधी उघडले नि पक्षी कुठे गेले हे शेजारी ठेवून पाहता येईल.