डीलर घाबरत नाही

गणपतीच्या जागरणात ज्यांनी तीन पत्ती खेळली आहे, त्यांना मांडवीतल्या एखाद्या कॅसिनो जहाजावर किंवा लास वेगासमध्ये ‘थ्री कार्ड पोकर’च्या टेबलाशी बसताना परकं वाटत नाही. तीनच पानं, तीच जोडी, तोच कलर, तोच सिक्वेन्स. या ओळखीनेच घात होतो. सतरंजीवर वर्षानुवर्षं कमावलेली हुशारी इथे उपयोगी तर पडत नाहीच, बऱ्याचदा महागात पडते.

ओळख वाटण्याला कारण आहे. हा खेळ डेरेक वेब या ब्रिटिश पोकरपटूने १९९४ मध्ये तयार केला, तो ‘ब्रॅग’ या जुन्या इंग्रजी तीन पानी खेळावरून. आपली तीन पत्तीही ब्रॅगच्याच घराण्यातली मानली जाते. म्हणजे नातं चुलतभावंडांचं. पण वेबने एक मोठा बदल केला: एकमेकांविरुद्ध खेळणारे गडी काढून टाकले आणि सगळ्यांसमोर एकच डीलर बसवला.

डाव साधा आहे. आधी ‘अँटी’ लावायची, मग तीन पानं मिळतात. पानं बघून एकच निर्णय घ्यायचा: पॅक करून अँटी सोडायची, की अँटीएवढीच ‘प्ले’ची रक्कम पुढे ठेवायची. मग डीलर आपली पानं उघडतो. त्याच्याकडे निदान राणी असेल तरच त्याचा हात पात्र ठरतो. पात्र नसेल तर तुम्हाला अँटीवर अँटीएवढे पैसे मिळतात आणि प्लेची रक्कम जशीच्या तशी परत येते. पात्र असेल तर ज्याचा हात भारी तो जिंकतो, आणि दोन्ही रकमांचा निकाल एकदमच लागतो.

आता पहिला गैरसमज: ट्रेल म्हणजे सर्वांत भारी. तीन पत्तीत ते खरं. पण ५२ पानांच्या कॅटमधून तीन पानांचे एकूण २२,१०० हात बनतात. त्यांत ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८. दुर्मीळ आहे तो प्युअर सिक्वेन्स, म्हणून या टेबलावर तोच सर्वांत वर. तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्रीला बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या नंबरचा सिक्वेन्स मानतात. इथे तो सगळ्यांत खालचा. पाच पानी पोकर येणाऱ्यांचीही उलटी फसगत होते, कारण तिथे कलर सिक्वेन्सला मारतो. तीन पानांत मात्र साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, त्यामुळे इथे सिक्वेन्सच वरचढ.

दुसरा गैरसमज जास्त खोल रुजलेला आहे: जिगर पाहिजे, ब्लाइंड खेळून दाबलं की समोरचा पॅक करतो. घरी हे खरंच घडतं. ब्लाइंड खेळणाऱ्याला तिथे निम्मी चाल पडते आणि समोरच्याच्या मनात शंका उभी राहते. डीलरला शंका येत नाही. तो पॅक करू शकत नाही, चाल वाढवू शकत नाही, त्याला काही ठरवायचंच नसतं. पानं उघडायची आणि नियमाप्रमाणे पैसे द्यायचे किंवा घ्यायचे, एवढंच त्याचं काम. मग तुमचा निर्विकार चेहरा कोणासाठी? पानं न बघता प्रत्येक डावात प्ले लावणाऱ्याचं सरासरी नुकसान अँटीच्या ७.६५ टक्के होतं. नीट खेळणाऱ्याचं ३.३७ टक्के. म्हणजे ही जिगर दुपटीहून महाग आहे.

नीट म्हणजे कसं? राणी-छक्की-चौका किंवा त्याहून भारी हात असेल तर खेळायचं, नाहीतर पॅक. इतका बारीक नियम ऐकून लोकांना तो हवेतून काढल्यासारखा वाटतो. पण तो कागद-पेन्सिलीने पडताळता येतो, आणि मला या खेळातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

समजा अँटी १०० रुपये आणि तुमच्या हातात गुलाम-सत्ती-दुर्रीसारखं काहीतरी आहे. डीलर साधारण १०० पैकी ३० वेळा अपात्र ठरतो, ७० वेळा पात्र. असा हात तुम्ही १०० वेळा खेळलात तर ३० वेळा १०० रुपये मिळाले, म्हणजे ३,००० आले. उरलेल्या ७० वेळा डीलरकडे राणी किंवा वरचं काही असणारच, म्हणजे दर वेळी २०० गेले: एकूण १४,०००. निव्वळ तोटा ११,०००. तेच १०० हात पॅक केले असते तर १०,००० गेले असते. दोन्हीकडे तोटाच आहे, पण पॅक स्वस्त. हातात राणी आली की चित्र पालटू लागतं, कारण डीलरच्या राणीवाल्या काही हातांना तुम्ही मारू शकता. राणी-छक्की-चौकापाशी खेळण्याचा तोटा पॅकपेक्षा कमी होतो. एवढं लक्षात ठेवणं जड जात असेल तर ‘राणी असेल तर खेळ’ हा सोपा नियमही पुरतो. त्याने नुकसान ३.३७ वरून ३.४५ टक्के होतं, बस.

पण शिकलो म्हणजे जिंकणार, असा याचा अर्थ नाही. ३.३७ टक्के हा उत्तम खेळणाऱ्याचा तोटा आहे. त्याहून खाली नेणारी चाल नियमांनी ठेवलेलीच नाही. कारण निर्णय आधी तुम्हाला घ्यावा लागतो: तुम्ही पॅक केलंत की डीलरकडे अठ्ठी-छक्की-दुर्री असली तरी तुमची अँटी गेलेली असते. ५०० रुपयांच्या अँटीने तासाला ४० डाव धरले, तर २०,००० रुपयांच्या अँटीवर सरासरी ६७४ रुपये जातात. एखाद्या संध्याकाळी तुम्ही पुढे असाल, दुसऱ्या संध्याकाळी यापेक्षा बरेच मागे. पण डाव जितके वाढतात तितकी टक्केवारी या आकड्याकडे सरकते.

‘बराच वेळ ट्रेल आला नाही, आता येईल’ हेही सतत ऐकू येतं. ट्रेल सरासरी ४२५ डावांत एकदा येतो. पण प्रत्येक डावाआधी पानं पुन्हा पिसली जातात, त्यामुळे ४२४ डाव कोरडे गेले तरी पुढच्या डावात शक्यता ४२५ मध्ये एकच.

आणखी एक तक्रार: ‘माझ्याकडे ट्रेल आणि डीलर अपात्र, हात वाया गेला.’ पूर्ण वाया जात नाही. सिक्वेन्स, ट्रेल आणि प्युअर सिक्वेन्सवर अँटी बोनस मिळतो, आणि डीलर अपात्र असो की जिंकलेला, तो बोनस तुमचाच.

टेबलावर शेजारीच ‘पेअर प्लस’ची जागा असते. जोडी किंवा वरचा हात आला की पैसे. डीलरशी संबंध नाही. सगळीकडे ही पैज सारखीच, असं समजून लोक चिप ठेवतात. एक प्रचलित दर असा: जोडीला १ पट, कलरला ४, सिक्वेन्सला ६, ट्रेलला ३०, प्युअर सिक्वेन्सला ४०. यात कॅसिनोचा वाटा २.३२ टक्के. आता बाकी सगळं तेच ठेवून फक्त कलरचे ४ च्या जागी ३ करा. वाटा ७.२८ टक्के होतो. टेबलाच्या कापडावरचा एक आकडा बदलला आणि खेळ तिप्पट महाग झाला. बसण्याआधी कलरची ओळ वाचा, दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल.

कायद्याबद्दलही गोंधळ आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता, म्हणून इथेही परवानगी आहे असं काहींना वाटतं. तो कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याचा जुगारबंदी कायदाही १९७६ चाच. तिथे नंतरच्या दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेलं आणि जहाजांना वाट करून दिली.

पण टक्केवारीचा हा सगळा हिशोब भारतात कराआधीचा आहे. कॅसिनोत चिप्ससाठी भरलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. जिंकलेल्या पैशावर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. चांगलं खेळून वाचवलेले चार टक्के या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

आणि तरीही बसायचं असेल, तर टेबलावरच्या पाटीने फसू नका. ‘किमान ५००’ म्हणजे अँटी ५००. खेळायचं ठरवलं की प्लेचे आणखी ५०० लागतात, पेअर प्लस लावलात तर १,५००. खिशात ५,००० घेऊन दहा डाव मिळतील असं धरणाऱ्याला चौथ्या डावातच अँटी लावल्यावर प्लेला पैसे उरलेले नसू शकतात.