डोंबिवलीच्या मुलांची माती कोणती?

गैरसमज : आपण कोकणात, म्हणजे आपली माती जांभी, लाल.

जांभ्याचं राज्य खरं रत्नागिरी-सिंधुदुर्गात. आपल्या जवळपास तो माथेरानच्या पठारावर दिसतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीखाली मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट आहे. त्याची झीज होऊन डोंगरउतारावर मुरमाड, तांबूस माती झाली, सखल भातखाचरांत करडी-काळपट, चिकट माती साठली आणि उल्हास नदीच्या मुखाकडे, खाडीकाठी खारट गाळ. मुलांनी रोज पाहिलेली लाल माती बहुधा नर्सरीच्या पिशवीतली असते. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. त्यावरून ती सुपीक ठरत नाही.

गैरसमज : शाळेला अंगणच नाही, मग मातीचा तास कसा घेणार?

अंगण नसलं तरी काचेच्या बरण्या असतातच. प्रत्येक मुलाने मूठभर माती आणावी : सोसायटीच्या बागेतली, सुट्टीत गावाहून आणलेली, नर्सरीतली. गणपती करून उरलेली शाडूही चालेल. ढेकळं फोडून, खडे-पानं काढून बरणीचा तिसरा हिस्सा मातीने भरायचा, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर, झाकण लावून दोन-तीन मिनिटं जोरात हलवायचं आणि बरणी खिडकीत ठेवून द्यायची. नंतर तिला कोणी हात लावायचा नाही, आणि मुलांना हेच सगळ्यात अवघड जातं. वाळू मिनिटभरात तळाशी बसते. तिच्यावर दोनेक तासांत पोयटा येतो. चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत, कधी त्याहूनही जास्त वेळ तरंगत राहते, कारण तिचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. शाडूची बरणी सगळ्यांत उशिरा निवळते. मग पट्टीने थर मोजा, प्रत्येकाचे शेकडा प्रमाण काढा. त्या दिवशीचा गणिताचा तासही इथेच झाला. भातखाचरात पाणी का टिकतं आणि मुरमाड उतारावरून ते का निघून जातं, हे त्या थरांकडे बोट दाखवून सांगता येतं.

हाताशी असलेल्या वस्तूंनी शिकवण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं. दोन्ही गावं तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. महागडी साधनं मागवण्याऐवजी बिया, पानं, शिंपले, खडे, माती हीच त्यांची साधनं होती. आज प्लास्टिकचे 'सायन्स किट' विकत घेणाऱ्या शाळांनी या साधनांकडे पुन्हा वळावं, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज : माती म्हणजे दगडाचा भुगा, निर्जीव.

चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. ते दाखवायला सूक्ष्मदर्शक लागतोच असं नाही. जुन्या सुती कापडाचे दोन सारखे चौकोन कापा. एक गांडूळखत घातलेल्या कुंडीत पुरा, दुसरा कोरड्या, नुसत्या वाळूत. पहिल्या कुंडीला ओलावा राहू द्या. महिना-दीड महिन्याने दोन्ही उकरून शेजारी ठेवा. कुंडीतलं कापड जिवाणू आणि बुरशीने खाऊन विरविरीत झालेलं असेल, वाळूतलं बरंचसं शाबूत. कापडात पॉलिएस्टरचा धागा असेल तर तो तसाच उरतो आणि मुलं स्वतःच विचारतात, हा का नाही कुजला?

एवढ्यात कोणीतरी कुंडीतलं गांडूळ कापून त्याची दोन गांडुळं करायला निघतं. तसं होत नाही. बहुतेकदा गांडूळ मरतं; फार तर डोक्याकडचा भाग तग धरतो.

गैरसमज : मातीत हात घातला की मुलं आजारी पडतात.

ही भीती अगदीच खोटी नाही. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतातच. म्हणून लस वेळेवर झालेली हवी, हाताला जखम असेल तर त्या दिवशी मुलाने फक्त नोंदी घ्याव्यात, आणि तास संपला की साबणाने हात धुवावेत, नखांसकट. माती कुठली, हेही बघायला हवं. एमआयडीसीतल्या नाल्याकडेची, रहदारीच्या रस्त्यालगतची किंवा सांडपाणी मिसळलेल्या खाडीकाठची माती वर्गात आणू नये. येऊरच्या जंगलातून आणि खारफुटीतून तर मूठभरही उचलू नये; त्या संरक्षित जागा आहेत. ओळखीच्या शेतकऱ्याकडून, बागेतून, कुंडीतून आणलेली माती वर्गासाठी पुरेशी आहे.