दगडाच्या पोटातले ऐकणारे शास्त्र

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला शेख फरीदबाबांच्या टेकडीवर सुपारी-जायफळाएवढे गोल दगड सापडतात. बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, ही त्यामागची आख्यायिका जुनी आहे. भूशास्त्र निराळे सांगते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजे साचली, तेच हे दगड. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग याच लाव्हाच्या बेसॉल्टवर उभा आहे, हिंगणघाटचा कापूस पोसणारी काळी माती त्याचीच झीज आहे. चंद्रावर उघड्या डोळ्यांना दिसणारे काळे डागही बेसॉल्टचे आहेत आणि मंगळाची विस्तीर्ण मैदानेही. म्हणून परग्रहांच्या कंपांचा हा आढावा वर्ध्याच्या वाचकाला दूरचा वाटू नये.

खडकाचा नमुना हाती आला तरी तो वरच्या थराचा असतो. ग्रहाच्या पोटात काय आहे, हे कळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्यातून जाणाऱ्या कंपलहरी. उन्हाळ्याच्या तोंडाशी माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तशीच ही परीक्षा आहे. फक्त टिचकी भूकंप मारतो किंवा उल्का. भूकंपातून प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. प्राथमिक लहरी घन आणि द्रव दोन्हींतून जातात, दुय्यम लहरींना द्रवातून वाटच नाही. कोणती लहर कुठे किती वेळाने पोचली यावरून आतल्या थरांची मांडणी उलगडते. 1897च्या आसामच्या महाभूकंपाचा अभ्यास करणारे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी 1906मध्ये याच रीतीने पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवले. 1936मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा शोधला.

पृथ्वीबाहेरचा पहिला भूकंपमापक जुलै 1969मध्ये अपोलो 11च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवला. तो थोडेच दिवस चालला, पण अपोलो 12, 14, 15 आणि 16 यांनी ठेवलेल्या यंत्रांचे जाळे सप्टेंबर 1977पर्यंत नोंदी पाठवत राहिले. 20 नोव्हेंबर 1969 रोजी अपोलो 12चे रिकामे चांद्रयान मुद्दाम चंद्रावर आदळवण्यात आले आणि त्याची थरथर जवळजवळ तासभर टिकली. पृथ्वीवर एवढ्या धक्क्याची कंपने लवकर विरतात. चंद्राचे कवच कोरडे आणि वरच्या भागात भेगाळलेले आहे. पाणी नसल्याने लहरींची ताकद लवकर जिरत नाही, आणि भेगांवर आपटून त्या इकडेतिकडे विखुरत राहतात.

टेक्सास विद्यापीठातले योसिओ नाकामुरा यांनी या नोंदी वर्षानुवर्षे तपासून सुमारे साडेबारा हजार कंपांची सूची केली. बहुतेक चंद्रकंप सातशे ते हजार-अकराशे किलोमीटर खोलीवर होतात आणि पृथ्वीच्या ओढीने चंद्राला बसणाऱ्या भरती-ओहोटीच्या ताणानुसार महिन्याच्या तालावर पुन्हा पुन्हा होतात. मोजके कंप मात्र उथळ आणि जोरदार असतात. 2011मध्ये रेनी वेबर यांच्या गटाने याच जुन्या नोंदी नव्या पद्धतीने तपासल्या आणि चंद्राला घन अंतर्गाभा व त्याभोवती द्रव बाह्यगाभा असल्याचे मांडले. 2024मध्ये जपानचे केइसुके ओनोदेरा यांनी तर तोवर दुर्लक्षित राहिलेल्या लघुकालीन लहरींच्या नोंदी चाळून सुमारे 22 हजार नवे कंप वेचले. यंत्रे बंद पडून 47 वर्षे झाली होती! मला या सगळ्या इतिहासात हे काम सर्वांत मोलाचे वाटते. नवे यान नाही, नवी स्वारी नाही. कोणीतरी बसून, जुन्या नोंदींची चिकाटीने छाननी केली, एवढेच.

मंगळाची वाट अवघड निघाली. 1976मध्ये तिथे उतरलेल्या व्हायकिंग 1च्या भूकंपमापकाला जखडून ठेवणारी पकड सुटलीच नाही. व्हायकिंग 2चा मापक यानाच्या पाठीवर बसवलेला असल्याने वाऱ्याने यान हलले की तोही हलायचा, त्यामुळे हाती फारसे काही लागले नाही. पुढच्या यानाने हा धडा घेतला. ब्रूस बॅनर्ट यांच्या नेतृत्वाखालचे इनसाइट 2016मध्येच निघणार होते, पण मापकाच्या निर्वात गोलात गळती आढळल्याने उड्डाण दोन वर्षांनी पुढे ढकलले गेले. पॅरिसचे फिलिप लोन्योने यांच्या देखरेखीखाली तयार झालेला हा मापक अणूच्या व्यासाहूनही लहान हालचाल टिपू शकत होता. यान 26 नोव्हेंबर 2018 रोजी उतरले, मापक यांत्रिक हाताने जमिनीवर ठेवला गेला आणि त्यावर वाऱ्यापासून जपणारे आच्छादन घातले गेले.

6 एप्रिल 2019 रोजी पहिला मंगळकंप नोंदला गेला. डिसेंबर 2022मध्ये यान निकामी होईपर्यंत तेराशेहून अधिक कंप जमा झाले, त्यांतला सर्वांत मोठा 4 मे 2022चा, 4.7 तीव्रतेचा. 24 डिसेंबर 2021च्या एका धक्क्याचे मूळ तर कक्षेतल्या यानाच्या छायाचित्रांत सापडले. तिथे उल्केने दीडशे मीटर रुंदीचे विवर पाडले होते आणि आतला बर्फ बाहेर उधळला होता. विवरांचे महत्त्व विदर्भाला कोणी सांगायला नको. आपले लोणार बेसॉल्टमध्ये पडलेले विवर आहे, म्हणूनच चंद्र आणि मंगळाचे अभ्यासक तिथले दगड तपासतात.

हादरा आला म्हणजे भूकंपच झाला असे नाही. मे 2016मध्ये पुलगावच्या दारूगोळा भांडारातल्या भीषण स्फोटांनी आसपासची गावे हादरली, ते दुःख जिल्हा विसरलेला नाही. स्फोट, उल्का, भ्रंशावरची हालचाल, तापमानाने यानाच्या धातूचे आकुंचन: यांतले खरे कारण ओळखणे हेच या शास्त्राचे निम्मे काम आहे.

आता आपल्याकडचे पाहू. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3चे विक्रम हे यान चंद्रावर उतरले, तेव्हा त्यावर इल्सा नावाचे उपकरण होते. इस्रोच्या बंगळुरूच्या इलेक्ट्रो-ऑप्टिक्स प्रयोगशाळेने ते तयार केले. त्यातले सहा संवेदक सिलिकॉन कोरून बनवलेले आहेत आणि या तंत्राचा असा मापक चंद्रावर प्रथमच गेला. त्याने सुमारे 190 तासांत अडीचशेहून अधिक कंपने टिपली. त्यांतली दोनशेच्या आसपास प्रज्ञान रोव्हरच्या चालण्याशी किंवा इतर उपकरणांच्या हालचालींशी जोडता आली. सुमारे 50 कंपनांचा तसा संबंध लागला नाही. 26 ऑगस्टचे कंपन नैसर्गिक असावे, असे इस्रोने तेव्हाच कळवले होते. ही 50 कंपने नेमकी कशाची, हे एकट्या मापकाला ठरवता येत नाही. स्थान निश्चित करायला निदान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात.

या अभ्यासात महाराष्ट्राचा स्वार्थही आहे. चंद्र आणि मंगळ यांवर पृथ्वीसारखी सरकणाऱ्या भूपट्टांची रचना नाही, तरी तिथे कंप होतात. 30 सप्टेंबर 1993ला किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे गिळली, तोही भूपट्टाच्या कडेपासून दूर, जिथे मोठा धक्का अपेक्षित नव्हता अशा बेसॉल्टखालच्या खडकात झाला. कोयनेचा 11 डिसेंबर 1967चा भूकंप जलाशयाशी जोडला जातो, त्याचे कारण वेगळे आहे. भूपट्टांच्या टकरीविना खडकात ताण कसा साठतो आणि सुटतो, हा प्रश्न किल्लारीचाही आहे आणि मंगळाचाही.

शनीच्या टायटन या चंद्राकडे निघणाऱ्या ड्रॅगनफ्लायवर भूकंपमापक असेल, ते 2034मध्ये पोचण्याची अपेक्षा आहे. इस्रोचा पुढचा मापक मात्र चौदा दिवसांची चांद्ररात्र सोसणारा हवा. अपोलो 12पासूनच्या यंत्रांना अणुऊर्जेची वीज मिळत होती, म्हणून ती वर्षानुवर्षे टिकली. विक्रमला रात्रीनंतर जाग आली नाही. आठ-दहा दिवसांच्या नोंदींवर चंद्राचा गाभा उलगडत नाही, हे देशाने ध्यानात घ्यायला हवे.

तोवर वर्धा-नागपूरच्या महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्र आणि भूशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. अपोलो, इनसाइट आणि चांद्रयान-3च्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. त्या विद्यार्थ्यांसमोर उघडा, आणि एका तरी चंद्रकंपाच्या लहरी त्यांना स्वतः वेचू द्या.