कंसातला ‘रा.’

मराठी वर्तमानपत्रातल्या गुन्हेगारीच्या बातमीत एक कंस ठरलेला असतो. आरोपीचं नाव आणि पुढे कंसात ‘वय 24, रा. अमुक वस्ती’. आपण नाव वाचतो, गुन्हा वाचतो, किती लाखांचा ऐवज लंपास झाला तेही वाचतो. ‘रा.’वरून मात्र नजर घसरून पुढे जाते. न्यूयॉर्कमध्ये एरिक कॅडोरा नावाच्या माणसाने नेमका हा ‘रा.’ पकडला. तुरुंगात गेलेल्या हजारो माणसांचा ‘रा.’ गोळा करून त्याने नकाशावर मांडला.

तसे पोलिसांकडे नकाशे होतेच. 1994 पासून न्यूयॉर्कचे पोलीस ‘कॉम्पस्टॅट’ नावाची पद्धत वापरत होते. गुन्हा घडला त्या जागी ठिपका द्यायचा आणि ठिपके दाट झाले की तिथला बंदोबस्त वाढवायचा. कॅडोराने विचारलं ते वेगळंच: तुरुंगात गेलेला हा माणूस त्याआधी रात्री झोपायला कुठे जात होता? कोलंबिया विद्यापीठातल्या वास्तुरचनाकार लॉरा कुर्गन यांच्या गटाबरोबर त्याने हे नकाशे रंगवले. गुन्ह्यांचे ठिपके शहरभर सांडलेले होते. घरांचे ठिपके मोजक्या गल्ल्यांत गोळा झाले.

मग त्यांनी प्रत्येक ठिपक्यावर किंमत लिहिली. या माणसाला झालेली शिक्षा पूर्ण होईपर्यंत त्याला कोठडीत ठेवायला सरकारला किती डॉलर लागतील? ती रक्कम ब्लॉकनिहाय मिळवली. ब्लॉक म्हणजे चारी बाजूंना रस्ते असलेला इमारतींचा एक चौकोन. चालत फेरी मारायला काही मिनिटं लागतात. अशा काही चौकोनांवर एका वर्षात झालेल्या शिक्षांची बेरीज दहा लाख डॉलरच्या वर गेली. त्यावरून या जागांना ‘मिलियन डॉलर ब्लॉक’ हे नाव पडलं. एकट्या ब्रुकलिनमध्ये 2003 साली असे 35 ब्लॉक निघाले.

त्याच ब्रुकलिनच्या पूर्व भागात ब्राउन्सव्हिल आहे. सरकारी घरांचे उंच विटकरी मनोरे आणि पिढ्यानपिढ्यांची गरिबी, अशी ही वस्ती. 2003 मध्ये तिथल्या 17 ब्लॉकमधून 109 माणसं तुरुंगात गेली आणि त्यांच्या शिक्षांचा खर्च निघाला 1 कोटी 70 लाख डॉलर. तेव्हाच्या दराने जवळपास 80 कोटी रुपये! गरीब वस्तीवर सरकार पैसा खर्च करत नाही, हे वाक्य आपण सगळेच सहज बोलून जातो. इथे तर पैशाचा पूर वाहत होता. फक्त त्यातला रुपया वस्तीत उतरत नव्हता. तो जात होता डॅनेमोरासारख्या गावात, थेट कॅनडाच्या सरहद्दीजवळ, जिथे तुरुंगाची भिंत गावाच्या मुख्य रस्त्याला लागून उभी आहे. पहारेकऱ्याचा पगार तिथे, आणि त्या पगारावर चालणारं वाण्याचं दुकानही तिथेच. ब्राउन्सव्हिलच्या वाट्याला आली ती रात्रीची बस. आया, बायका, पेंगुळलेली मुलं मॅनहॅटनमधून बसायची आणि रात्रभर प्रवास करून पाचेकशे किलोमीटरवर भेटीच्या रांगेत उभी राहायची.

जनगणनेतही कैद्याची मोजणी तुरुंगाच्या गावात होते. म्हणजे डोकं ब्राउन्सव्हिलचं आणि मतदारसंघाचं वजन वाढायचं डॅनेमोराकडचं. न्यूयॉर्क राज्याने मतदारसंघ आखताना हा प्रकार 2010 च्या कायद्याने बंद केला.

इतकी माणसं आत गेली कशी? उत्तराचा एक मोठा तुकडा 1973 सालचा आहे. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी अमली पदार्थांविरुद्ध जे कायदे आणले त्यांत 57 ग्रॅम हेरॉईन नुसतं जवळ सापडलं तरी किमान 15 वर्षं. न्यायाधीशाला माणूस बघून शिक्षा कमी करायची सोयच ठेवलेली नव्हती. तेव्हा राज्याच्या तुरुंगांत साधारण 13 हजार कैदी होते. 1999 पर्यंत ते 72 हजारांच्या आसपास पोचले. या कायद्यांचे दात काढले गेले ते 2009 मध्ये.

पण या गोष्टीत मला सगळ्यात चकित करतं ते वेगळंच. कॅडोराच्या संगणकाच्या कितीतरी आधी, 1970 च्या दशकाच्या अखेरीला, हे गणित ग्रीन हेवन तुरुंगातल्या कैद्यांनीच मांडून ठेवलं होतं. एडी एलिस आणि त्याचे सोबती कोठडीत बसून अभ्यासगट चालवत. त्यांचा निष्कर्ष असा, की राज्यातले सुमारे 75 टक्के कैदी न्यूयॉर्क शहरातल्या अवघ्या सात वस्त्यांमधून येतात. हार्लेम आणि ब्राउन्सव्हिल ही त्यांतलीच नावं. बाहेरच्या विद्वानांना हे का दिसलं नाही? बहुधा कंसावरून त्यांचीही नजर घसरत असावी.

बरं, त्या पैशात वस्तीत काय करता आलं असतं? याचं एक उत्तर फिलाडेल्फियात मिळतं, आणि ते हास्यास्पद वाटावं इतकं साधं आहे: गवत.

कारखाने गेले, माणसं गेली, घरं पडली, आणि फिलाडेल्फियात हजारो प्लॉट ओस पडले. आपल्याकडे रिकाम्या प्लॉटचं जे होतं तेच तिथे झालं. रात्री कुणीतरी ट्रक लावून राडारोडा ओतायचा, मग जुन्या गाद्या, टायर आणि छातीएवढं रान. संशोधक चार्ल्स ब्रॅनस आणि सहकाऱ्यांनी असे 541 प्लॉट घेतले आणि नव्या औषधाची चाचणी करतात तशा चिठ्ठ्या टाकून त्यांचे गट पाडले. काही प्लॉट साफ करून, जमीन सपाट करून तिथे गवत पेरलं, चार झाडं लावली, भोवती लाकडाचं बुटकं कुंपण घातलं. काहींचा फक्त कचरा उचलून रान छाटलं. काही होते तसेच सोडले. निकाल 2018 मध्ये छापून आला. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत, सुधारलेल्या प्लॉटच्या आसपास बंदुकीच्या हिंसेत 29 टक्के घट. गुन्हे पलीकडच्या गल्लीत सरकले असतील ही शंका साहजिक आहे. तीही तपासली गेली आणि तसं आढळलं नाही.

गवताने गोळी कशी थांबते? रान वाढलेला प्लॉट हे फुकटचं कपाट असतं. पोलीस अंगझडती घेतात, म्हणून बंदूक खिशात न ठेवता रानात दडवायची आणि भांडण पेटलं की दोन पावलांवरून उचलायची. गवत बोटभर कापलेलं असलं की कपाट गेलं. शिवाय स्वच्छ प्लॉटवर म्हातारी माणसं खुर्ची टाकून बसू लागतात, आणि बघणारे डोळे असले की पुष्कळ गोष्टी आपोआप टळतात.

मला ते कुंपण फार आवडतं. कंबरेखालच्या उंचीचं, आडव्या लाकडाचं, त्याला ना फाटक ना कुलूप. माणूस आत जाईल इतकी फट ठेवलेली, पण कचऱ्याचा ट्रक घुसणार नाही. एका प्लॉटचा सुरुवातीचा खर्च दीड हजार डॉलरच्या आसपास; पुढे नुसती कापणी. ती कापणी, हंगामात साधारण दर दोन आठवड्यांनी, वस्तीतल्याच छोट्या कंत्राटदारांना आणि मंडळांना दिली जाते. यंत्र ढकलणाऱ्यांत तुरुंगातून सुटून आलेली माणसंही असतात.