गेटपर्यंत आपली गाडी

कळंबच्या चौकातून एक रस्ता राळेगावकडे जातो, एक यवतमाळकडे आणि एक देवळी-वर्ध्याकडे. यातला कोणताही धरला, तरी पुढे वाघाचं जंगल आहेच. राळेगाव-वडकीवरून पांढरकवड्याला उतरलं की टिपेश्वर, वर्धा ओलांडून हिंगणीकडे वळलं की बोर, आणि वरोऱ्याकडून थोडं पुढे गेलं की ताडोबा. देशभरातले लोक विमानानं नागपूरला उतरून जी जंगलं पाहायला येतात, ती आपल्याला सकाळी डबा बांधून निघावं एवढ्या अंतरावर आहेत.

म्हणूनच दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्ट्या आल्या की आपल्याकडच्या घरांत एक वाद हमखास होतो. मुलगा म्हणतो, गाडी दारात उभी आहे, दुसऱ्यांच्या वेळा कशाला पाळायच्या? आई म्हणते, दहा-बारा जणांच्या सहलीत जाऊ, सोबत जाणकार माणूस असतो, जेवणाखाण्याची काळजी नाही. दोघांचंही म्हणणं खरं आहे. पण वाद घालताना दोघंही एक गोष्ट विसरतात. आपली गाडी जंगलाच्या गेटपर्यंतच जाते. आत शिरताना चावी खिशात ठेवावी लागते आणि सगळेच गटातले होतात. त्यामुळे गाडी की गट, हे ठरवताना जंगलाच्या आतला विचार वेगळा आणि बाहेरचा वेगळा करायला हवा.

आत काय घडतं?

ताडोब्यात खासगी गाडी आत सोडत नाहीत. वनविभागाकडे नोंदवलेल्या उघड्या जिप्सीतूनच जावं लागतं. जिप्सीत सहा पर्यटक, एक चालक आणि एक गाईड. मोबाइल आत वापरायला बंदी आहे. सफारी सकाळी एक आणि दुपारी एक, आणि गेटच्या वेळा सूर्योदय-सूर्यास्ताप्रमाणे बदलतात. मंगळवारी ताडोबा बंद असतं, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं. छोट्या अभयारण्यांतले वाहनांचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात फोन करून विचारून घ्यावं. पण गाईडशिवाय आत जाता येत नाही, हे सगळीकडे सारखंच.

हे नियम उगाच आलेले नाहीत. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली, ती नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह. प्राण्यापासून किमान वीस मीटर अंतर, प्राणी पाहताना दोन गाड्यांमध्ये पन्नास मीटर अंतर, प्राण्याला घेरायचं नाही, खायला घालायचं नाही, ही शिस्त त्यातून आली. आपली जंगलं लहान आहेत. टिपेश्वर १४८ चौरस किलोमीटरचं, बोर १३८ चौरस किलोमीटरचं. सागाची दाटी, एका गाडीपुरता कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना बांबू. वळणावर समोर वाघीण बसली असेल, तर किती मागं सरायचं, इंजिन केव्हा बंद करायचं, हे रोज तिथं जाणाऱ्यालाच कळतं. गाडी कितीही उत्तम चालवता येत असली, तरी ती समज घाटात किंवा हायवेवर मिळत नाही.

स्वतः गाडी चालवत वन्यजीव पाहण्याची खरी सोय दक्षिण आफ्रिकेत आहे. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं क्रूगर सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर पसरलं आहे. तिथं आपली किंवा भाड्याची गाडी घेऊन आत फिरता येतं. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर आणि कच्च्या रस्त्यावर ४० ही मर्यादा, ठरलेल्या जागा सोडून खाली उतरायचं नाही आणि गेट बंद होण्याआधी मुक्कामाला पोचायचं, एवढं पाळलं की झालं. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालते. परदेशी राहणारी किती तरी मराठी कुटुंबं अशा सहली करतात आणि इथं आल्यावर टिपेश्वरला तसं का नाही, असं विचारतात. कारण सरळ आहे. तिथं विस्तीर्ण माळरान आहे, नजर दूरवर जाते. आपल्याकडे वाघ वीस पावलांवर असला तरी दिसत नाही.

बाहेर गाडीचा फायदा कुठं?

पहिला फायदा पैशांचा, आणि तो माणसांच्या संख्येवर ठरतो. पूर्ण जिप्सी घेतली, तर तिचं भाडं आणि गाईडचे पैसे गाडीमागे लागतात, माणसामागे नाही. घरचे सहा जण असतील, तर जिप्सी भरते आणि खर्च सहा वाट्यांत विभागला जातो. अशा कुटुंबानं गटाच्या सहलीत जायचं काही कारण नाही. नवरा-बायको दोघंच असतील, तर चार रिकाम्या जागांचे पैसेही त्यांनाच भरावे लागतात. त्यांना गट स्वस्त पडतो. एकट्यानं जाणाऱ्याला तर फारच. म्हणून आधी माणसं मोजावीत, मग वाद घालावा.

दुसरा फायदा वाटेवरचा. बोरला जाताना सेवाग्रामला थांबता येतं, पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम पाहता येतो. ताडोब्याच्या वाटेवर वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे, भद्रावतीला जुनी मंदिरं आहेत, चंद्रपूरला गोंड राजांचा किल्ला आहे. सफारी दिवसाला चार-चार तासांची. उरलेला दिवस आपलाच असतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असली की कुठं थांबायचं, कुठं सावली शोधायची, चून-भाकर कुठं सोडायची, हे आपल्या हातात असणं मोठी गोष्ट आहे.

पण याच सोयीत एक धोका आहे, आणि तो वाघापेक्षा मोठा आहे. सकाळच्या सफारीसाठी उजाडायच्या आत गेटवर हजर व्हावं लागतं. कळंबहून त्याच दिवशी निघायचं म्हटलं, तर रात्री अडीच-तीनला गाडी काढावी लागते. त्या वेळी आपल्या रस्त्यांवर रोही आणि रानडुकरं सर्रास आडवी येतात. पिकाला जागल करणारा शेतकरी एका शेतातून हाकलतो, ती रस्ता ओलांडून दुसऱ्या शेतात घुसतात. ऐंशीच्या वेगात समोर रोही आला, तर ब्रेक लागतो पण गाडी वेळेत थांबत नाही. परतीचा प्रवास त्याहून वाईट. तीन तास झोप, चार तास जिप्सीतले हादरे, दुपारचं भरपेट जेवण आणि मग हायवेवर ऊन. चालवणाऱ्याचे डोळे तेव्हाच मिटतात.

म्हणून स्वतःच्या गाडीनं जायचं असेल, तर एक नियम कडक पाळावा. आदल्या दिवशी उजेडात निघायचं, गेटजवळ मुक्काम करायचा, आणि शेवटच्या सफारीनंतरची रात्रही तिथंच काढून दुसऱ्या दिवशी उजेडात परतायचं. दोन मुक्कामांचा खर्च जास्त वाटत असेल, तर एक सफारी कमी करावी. झोप कमी करू नये.

गाडी भाड्यानं घेऊन स्वतः चालवणार असाल, तर तिची नंबरप्लेट पाहा. स्वतः चालवायला भाड्यानं देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. ओळखीच्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

गट केव्हा बरा?

गटाचं मोल त्याच्यासोबत येणाऱ्या जाणकारावर ठरतं. गाईड त्या जंगलाचा असतो. त्याला पाणवठे माहीत असतात, कालच्या पाऊलखुणा माहीत असतात, चितळाचा आणि वानराचा धोक्याचा आवाज कोणत्या दिशेनं आला, हे तो बरोबर सांगतो. पण चार तासांत त्याच्याशी ओळख होता होताच गेट येतं. गटासोबत तीन दिवस राहणारा निसर्ग-अभ्यासक संध्याकाळी अंगणात बसून सकाळी पाहिलेलं समजावून सांगतो. सांबराचं ओरडणं चितळापेक्षा जास्त भरवशाचं का, नवरंग पक्षी पावसाच्या तोंडावरच का दिसतो, मोहाखाली पहाटे अस्वल का येतं, हे कळलं की दुसऱ्या दिवशीचं जंगल आदल्या दिवसापेक्षा भरलेलं दिसतं. पहिल्यांदाच जंगलात जाणाऱ्यांसाठी, एकट्या निघालेल्या बायकांसाठी, गाडी चालवणं झेपत नाही अशा वयस्कर जोडप्यांसाठी छोटा गट खरोखर चांगला.

लांबच्या जंगलांसाठीही तोच बरा. काझीरंगा किंवा कॉर्बेटपर्यंत स्वतः गाडी नेण्यात चार-चार दिवस रस्त्यावर जातात. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली. वर्धा हे मोठं जंक्शन आहे, तिथून देशाच्या चारही दिशांना गाड्या आहेत. दूरचं जंगल पाहायचं असेल, तर रेल्वेनं जाऊन गटात सामील व्हावं, हेच शहाणपणाचं.

मात्र पैसे भरण्याआधी आयोजकाला हे प्रश्न विचारा. सफाऱ्या किती आणि कोणत्या गेटच्या? मोहर्ली, कोलारा, नवेगाव असं गेटचं नाव लेखी घ्या. गाभा क्षेत्रातल्या किती आणि भोवतीच्या बफरमधल्या किती? एका जिप्सीत किती जण बसवणार? बारा जणांच्या गटाच्या दोन जिप्सी होतात, मग जाणकार माणूस आळीपाळीनं दोन्हींत बसणार का? सफारीची नोंदणी आपल्या नावानं आणि ओळखपत्रानं झाली आहे का? रद्द झाल्यास किती पैसे परत? यातल्या एका प्रश्नाला जरी धड उत्तर मिळालं नाही, तर तो गट सोडून द्यावा. वाघ नक्की दाखवू, असं वचन देणाऱ्याकडे तर जाऊच नये. असं वचन कुणालाच देता येत नाही.

वाघ आपला शेजारी आहे

पुण्या-मुंबईच्या माणसाला वाघ म्हणजे सहलीतलं एक दृश्य. आपल्याला तसं म्हणता येत नाही. शेजारच्या राळेगाव तालुक्यानं अवनी वाघिणीची दोन वर्षं काढली आहेत. तिच्या नावावर १३ माणसांच्या मृत्यूची नोंद झाली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी परिसरात तिला गोळी घातली गेली आणि तिचे दोन बछडे मागे राहिले. त्या काळात कापूस वेचायला शेतात जाताना बायका किती घाबरायच्या, हे आपल्या भागातल्या कुणालाही विचारा.

टिपेश्वरमधून २०१९ च्या जूनमध्ये गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ बाहेर पडला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणात जाऊन येत, नऊ महिन्यांत तो तीन हजारांहून अधिक किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. लोकांनी त्याला वॉकर म्हटलं. दीडशे चौरस किलोमीटरचीही नसलेली आपली जंगलं वाघांना पुरत नाहीत आणि म्हणून ते आपल्या शेतांतून वाट काढतात, हे त्यानं सगळ्यांना दाखवलं.

अशा जंगलात गर्दी करणं म्हणजे काय, ते ३१ डिसेंबर २०२४ ला दिसलं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण पाच बछड्यांसह रस्ता ओलांडत असताना जिप्सींनी तिला दोन्ही बाजूंनी अडवलं. चित्रफीत पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक-गाईडवर कारवाई झाली. पण मागच्या सीटवरून पुढे घ्या, अजून पुढे घ्या, असा आग्रह होतो तेव्हाच चालक गाडी पुढे घेतो. त्याची रोजी आपल्या समाधानावर चालते. गाडीनं आलेला असो की गटातून, हा दबाव आणणारा पर्यटक सारखाच दोषी आहे.

माझा कौल असा. टिपेश्वर, बोर आणि ताडोबा यांसाठी, घरची पाच-सहा माणसं असतील, तर आपल्या गाडीनं जा, दोन रात्री गेटजवळच्या गावात राहा आणि जिप्सी आपल्याच माणसांनी भरा. एकटे-दुकटे असाल, पहिलीच वेळ असेल किंवा जंगल लांबचं असेल, तर सहा ते बारा जणांचा गट निवडा. दोन्ही वेळी आत शिरल्यावर गाईडचं ऐका. त्याला आधीच सांगा, वाघ दिसला नाही तरी चालेल, आम्हाला जंगल दाखवा. आणि परतताना त्याचे आभार माना, कारण तो आपल्यासारखाच याच मातीतला, वाघाच्या शेजारी राहणारा माणूस आहे.